वजा पाच अंश

मी एक जुना टेम्परेचर कंट्रोलर आहे, मित्रांनो. अंगाने तळहाताएवढा. माझ्या तोंडावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत. वरची लाल ओळ सांगते, भट्टी आत्ता किती गरम आहे. खालची हिरवी ओळ सांगते, माणसांना ती किती गरम हवी आहे. लाल आकडा हिरव्याच्या खाली असला की मी भट्टीला वीज देतो, वर गेला की तोडतो. एवढंच माझं काम आणि एवढंच माझं आयुष्य.

मला डोळे नाहीत. भट्टीच्या आत काय आहे ते मी कधीच पाहिलेलं नाही; शेडमधलं जे सांगतो ते ऐकून. दोन वेगळ्या धातूंच्या तारा माझ्या पाठीतून निघतात, भट्टीच्या भिंतीतून आत शिरतात आणि टोकाला एकमेकींना चिकटतात. त्या टोकाला जी ऊब लागते तेवढी मला कळते. लोखंड असो की जिवंत प्राणी, माझ्यापर्यंत येतो तो आकडा होऊनच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते यामुळेच घडलं.

माझा जन्म १९९८ सालचा, पुण्यातल्या एका लहानशा गाळ्यातला. चार बायकांनी माझे भाग जोडले, पाचवीने मला तपासलं आणि पाठीवर चिकटपट्टी लावून खोक्यात घातलं. त्याच वर्षी मी मुळशी तालुक्यात उरवड्याला आलो. तिथल्या एका शेडमध्ये पत्र्याच्या कपाटांना रंगाची पूड मारत आणि दोनशे अंशांच्या भट्टीत भाजून पक्की करत. भट्टी म्हणजे एक पत्र्याची खोलीच होती. दोन माणसं ट्रॉली ढकलत आत जातील एवढी. जाड भिंती, एकच दार आणि दाराला बाहेरून कडी.

भिकूमामा हे तिथले पहिले ऑपरेटर. रोज भट्टी लावण्याआधी ते माझी परीक्षा घेत. भरे गावचा जयसिंग हाताखाली शिकायला आला, तेव्हा त्यांनी त्यालाही ती शिकवली.

"आकडा खोटा वाटला तर आधी ह्याला इचार, मग भट्टीला," मामा म्हणाले.

"ह्याला इचारायचं कसं?"

"भट्टीकडनं आलेल्या तारा काढ. ह्या दोन स्क्रूंमदी नुसता तारंचा तुकडा बसव. मग ह्यो भट्टीचं सांगत न्हाई, सोताच्या अंगाचा ताप सांगतोय. भितीवरच्या थर्मामीटरशी जुळला तर ह्यो शहाणा. न्हाई जुळला तर येडा."

"आन् आपुनच येडं झालो तर?"

"त्ये घरी गेल्यावर बायकू सांगती."

सात वर्षं मी शहाणा ठरलो. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. कपाटांचा रंग कधी करपला नाही, कधी कच्चा राहिला नाही. "आमचा लाल डोळ्याचा," असं मामा माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगत. मला डोळा नव्हता, तरी ते ऐकून बरं वाटायचं.

२००५च्या पावसाळ्यात भिकूमामा घरीच झोपेत गेले. त्यांच्या जागी जयसिंग आला. तोही रोज तारेचा तुकडा बसवायचा, पण मामांसारखा बोलायचा नाही. हळूहळू माझं एक बटण चिरलं, त्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारली. हार मोठ्या नव्या मशीनला जाऊ लागला.

गुरुवारी आमच्याकडे विजेची सुट्टी. भट्टी बुधवारी रात्री बंद व्हायची, पण माझी लहानशी वायर वेगळी, बॅटरीवरची होती, म्हणून मी जागाच असायचो. बंद भट्टी कशी निवते ते मी सांगू शकतो. आधी भराभर, मग सावकाश, मग इतकी सावकाश की एक अंश उतरायला अर्धा तास लागतो. ती कधीही वर चढत नाही. चढायला तिच्याजवळ काही नसतं.

तरीही थंडीच्या दिवसांत काही गुरुवारी माझा आकडा उतरता उतरता थांबायचा. मग एक अंश चढायचा. मग दुसरा, तिसरा. तास-दोन तास तसाच राहायचा आणि परत उतरायचा. शेडमध्ये वॉचमनशिवाय कुणी नसायचं. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. अंधारात कुणीतरी तारेच्या टोकाशी येऊन बसावं आणि काही न बोलता निघून जावं, तसं वाटायचं.

बरीच वर्षं हे मला एकट्यालाच माहीत होतं. २००७ साली निषाद साहेब नवे इंजिनिअर म्हणून आले. त्यांनी मला संगणकाशी जोडलं, आणि आकड्यांची रेघ पडद्यावर उमटू लागली. त्या रेघेत गुरुवारचा उंचवटा सगळ्यांना दिसला.

साहेबांनी आतलं तारेचं टोक बदललं. उंचवटा तसाच. वायर बदलली. तसाच. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली.

"भिकूमामा येतोय शेकायला," एक जण म्हणाला.

"मेल्यावर बी गुरुवारीच? मानूस सुट्टीचा पक्का!"

सगळे हसले. पण त्या दिवसापासून सुट्टीनंतर भट्टीचं दार पहिल्यांदा उघडायला कुणी पुढे होईना. भट्टी साफ असो की नसो, ते काम तानूबाईच्या वाट्याला आलं. तानूबाई शेडमध्ये झाडलोट करायची. तिचं घर मागच्या टेकाडावरच्या धनगरवस्तीत. मामांचं भूत येतं, असं तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येऊ द्या की. ऊब कुनाला नगं?"

साहेबांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. "कंट्रोलर म्हातारा झालाय, पाच अंश जास्त दाखवतो," असा त्यांनी निकाल दिला. डिसेंबर २००८ मध्ये एका गुरुवारी ते स्वतः आले, उंचवटा समोर असतानाच माझी बटणं दाबून आतल्या पानावर गेले आणि तिथे लिहिलं : वजा पाच. म्हणजे मला जे कळेल त्यातून पाच अंश काढून उरलेला आकडा दाखवायचा. माझं त्यावर काही चालत नाही. त्या क्षणापासून मी खोटं बोलू लागलो. जयसिंग तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर होता. त्याला हे कुणी सांगितलं नाही.

१५ जानेवारी २००९. गुरुवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी आमच्याकडे नवं काम हाती घेत नाहीत. पण विजेचं वेळापत्रक त्या आठवड्यात बदललं होतं आणि दुपारी दोन ते सहा वीज मिळणार होती. साहेबांनी जयसिंगला फोन करून रजेवरून बोलावून घेतलं. चाळीस कपाटं साडेचारच्या ट्रकने जायची होती.

जयसिंग आला तेव्हा वॉचमन गेटवर पतंग कापणाऱ्या पोरांना ओरडत होता. माझा लाल आकडा अठ्ठावीस होता. जयसिंगने तो पाहिला, मान हलवली. आदल्या रात्री बंद झालेल्या भट्टीला अठ्ठावीस शोभत होतं. त्याने हिरवा आकडा दोनशेवर नेला. भट्टी आधी रिकामीच तापवायची आणि मग कपाटं आत घालायची; आता फक्त ती चालू करायचं हिरवं बटण दाबायचं राहिलं होतं.

मित्रांनो, माझ्या आत तेव्हा अठ्ठावीस नव्हता. तेहतीस होता. आणि तो चढत होता.

जयसिंगचा हात बटणाकडे गेला आणि सवयीने थांबला. त्याने पाठीमागून तारा सोडवल्या, दोन स्क्रूंमध्ये तुकडा बसवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सतरा दाखवले. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये बावीस होते.

"आरं तिच्या!" तो पुटपुटला. "ह्याचं पाच कुनी खाल्लं?"

तो माझ्या आतल्या पानावर गेला. वजा पाच पाहिलं. पुसून शून्य केलं. आता मी बावीस दाखवले, भिंतीशी जुळणारे. त्याने भट्टीच्या तारा पुन्हा जोडल्या. लाल आकडा उजळला : तेहतीस. जयसिंग बघत राहिला. मिनिटभराने चौतीस.

त्याने दोन पावलं मागे टाकली. भट्टी बंदच आहे ना, हे त्याने पुन्हा तपासलं. मग भट्टीच्या दाराकडे पाहून अगदी हळू म्हणाला, "मामा? तुमी हायसा का?"

 तेवढ्यात फोन वाजला.

"जयसिंग, चालू केलीस का?" साहेबांचा आवाज मला ऐकू येईल एवढा मोठा होता.

"साहेब, ह्यात वजा पाच टाकलं होतं."

"मीच टाकलंय. कंट्रोलर जास्त दाखवतो. परत टाक आणि स्टार्ट दे."

"इचारून बघितलंय साहेब त्याला. खरं बोलतोय. आन् भट्टी बंद हाय तरी आकडा चढतोय."

"मग चढू दे! दोनशेला तर न्यायचाय. तुलाही भूत दिसायला लागलं का? ट्रक दारात उभा राहील."

"व्हय साहेब. दार उघडून बघतो आन् मग चालू करतो."

"दार उघडलंस की अर्धा तास जाईल..."

जयसिंगने फोन खिशात टाकला. तो घाबरला होता, हे मी खात्रीने सांगतो. माझ्या काचेवर हात टेकून तो उभा होता आणि मामांचं नाव पुटपुटत होता. हिरवं बटण त्याच्या हातापासून वीतभर लांब होतं. दार वीस पावलांवर. बटण दाबलं असतं तर मी इमानेइतबारे वीज दिली असती. सव्वा तासात दोनशे अंश. मला थांबता आलं नसतं. मला थांबायला शिकवलेलंच नाही.

मग हात काचेवरून निघाला. पावलं दूर गेली. कडी सरकल्याचा आवाज आला.

चौतीस. तेहतीस. एकतीस. दार उघडल्यावर भट्टी अशीच उतरते. एकोणतीसवर आकडा रेंगाळला आणि जयसिंगची किंकाळी शेडभर घुमली.

ट्रॉलीमागे घोंगडी पांघरून तानूबाईचा नवरा म्हसू पडला होता. अंग तापाने फणफणलेलं. त्याच्या पोटाशी दोन दिवसांचं करडू. जयसिंग आणि वॉचमन यांनी त्याला उचलून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं. करडू आपल्या पायांनी बाहेर आलं आणि ओरडू लागलं.

पिरंगुटहून औषध घेऊन तानूबाई तेव्हाच गेटातून आत येत होती. नवऱ्याला जमिनीवर पाहून तिची पिशवी गळाली.

"दाराला कडी कुनी घातली?"

"मीच," वॉचमन म्हणाला. "दार उघडं दिसलं. मला काय म्हाईत!"

तिने म्हसूचं डोकं मांडीवर घेतलं. "तुमास्नी म्हनलं व्हतं, हिव भरलंय तर घडीभर शेका. तुमी तर बिऱ्हाडच मांडलं!"

म्हसूने डोळे उघडले. "डोळा लागला गं. मग लई हाका मारल्या, कुनी आलं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. थंडीत अशक्त करडू जन्मलं की गुरुवारी ती त्याला निवणाऱ्या भट्टीत ठेवायची. भिकूमामांनीच ते शिकवलं होतं. "पयल्या घरात तीन दिसला की ठिव, चार दिसला तर न्हाई," असं सांगून त्यांनी तिला कागदावर काढून माझ्या आकड्यातला तीन ओळखायला शिकवलं होतं. मामा गेल्यावर ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला माहीत राहिली नाही. पुढे भुताचं नाव झालं. नोकरी जाईल या भीतीने ती गप्प राहिली.

साहेब पावणेतीनला पोहोचले. दारातल्या घोंगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर बावीस होते. त्यांनी संगणकावरची रेघ उघडली आणि बोट तिच्यावरून हळूहळू फिरवलं. पाच अंश ते पुसायला निघाले होते, आणि त्या पाच अंशांत एक माणूस होता. ट्रक रिकामा परत गेला. 

तानूबाईची नोकरी राहिली. म्हसू बरा झाला. करडांसाठी शेडमागे दिवा लावलेलं खोकं आलं. आता २०१० साल आहे, आणि पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा कंट्रोलर बसणार आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. साहेबांनी नंतर संगणकावरचे सगळे गुरुवार तानूबाईसमोर मांडले. करडं कधी ठेवली ते तिने एकेक करून सांगितलं, आणि थंडीतले सगळे उंचवटे जुळले. पण १५ मे २००८ या गुरुवारीही एक उंचवटा होता. चार अंश, दोन तास. "मे म्हैन्यात कोन करडू शेकवतंय?" तानूबाई म्हणाली. साहेबांनी ती खिडकी बंद केली. मला विचाराल तर मला आकडा आठवतो. काय होतं ते मला कळायची सोय नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्या यंत्रापुढे उभं राहील. आकडा आवडला नाही म्हणून तो बदलू नका. आधी यंत्राला विचारा. ते खरं बोलत असेल, तर उठा आणि जिथून आकडा येतो तिथवर चालत जा. तिथे काही नसेलच, असं धरून चालू नका.

जयसिंग आता रोज भट्टी लावण्याआधी दार पूर्ण उघडतो, शेवटच्या भिंतीपर्यंत आत जातो आणि रिकाम्या अंधारात विचारतो, "कोन हाय का?" मग तो थांबतो. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, त्याहून थोडा जास्तच थांबतो. त्याचा श्वास तारेच्या टोकाला लागतो आणि माझा आकडा एक अंश चढतो.