दुसऱ्या कार्डाची फाइल

मित्रांनो, कोपरे मऊ पडलेली, पाठीवरचं कापड विटलेली एक जुनी पुठ्ठ्याची फाइल, ती मी. माझ्यावर पांढरे ठसे दिसतात ना, ते प्लास्टरचे. माझ्या मालकांच्या बोटांचे.

एका छोट्या कारखान्यात जाड पुठ्ठा कापून मला बनवलं. एका बाईंनी भोकं पाडून नाडी ओवली, आणि शंभर जणींच्या गठ्ठ्यात बांधून मला दुकानात पाठवलं. तिथून मालकांनी मला घेतलं.

माझे मालक कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा साचा पाठवतात, मालक त्यात पांढरं प्लास्टर ओतून जबडा उठवतात आणि त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवतात. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमचं त्यावरच चाललंय," असं ते हसून सांगत. त्यांची बायको शाळेत ग्रंथपाल. तिच्या कपाटात सगळं जागच्या जागी. मालकांचं मात्र उलट. त्यांची बिलं मेणाच्या डब्याखाली सापडायची, म्हणून तर मला आणलं होतं.

एके वर्षी मालकांनी क्रेडिट कार्डावर दात भाजायची एक भट्टी घेतली. दोन महिने बिल नीट भरलं. तिसऱ्या महिन्यात ते कामाच्या खोलीच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. चार महिने हात गळ्यात. काम बंद, पैसे बंद. बँकेची पाकिटं मात्र येत राहिली. मालक ती न उघडता माझ्यात सरकवत आणि मला भट्टीमागे ठेवत. मी इतकी फुगले की नाडीची गाठ बसेना. मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडले फाइल. बोलणार कशी?

एका संध्याकाळी बायको शाळेतून आली ती थेट कामाच्या खोलीत.

"अहो, मला शाळेत फोन आला होता. मुख्याध्यापकांसमोर. पैसे कधी भरताय, असं कोणीतरी विचारत होतं."

मालक भट्टीमागे वाकले. त्यांनी मला काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पट्टीने एकेक पाकीट फाडलं. एकोणीस निघाली.

"एकही उघडलं नाहीत?"

"उघडलं असतं तर वाचावं लागलं असतं."

"आणि नाही वाचलं म्हणून आकडा थांबला का?" तिचा आवाज बारीक झाला. "पैसे जातात, येतात. पण मला हे तिऱ्हाइताकडून कळलं."

त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतं बोलणं होतं.

पुढे बँकेशी बोलणी झाली. मालकांनी स्कूटर विकून मोठी रक्कम भरली, उरलेली बँकेने सोडली. 'तडजोड झाली' असं एक पत्र मिळालं. ते माझ्यात ठेवून मालकांनी मला कपाटावर टाकलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. पाच वर्षं मी धूळ खात पडून होते.

मग दिवस बदलले. डॉक्टर साच्याऐवजी संगणकावरची चित्रं पाठवू लागले. ती उघडायला जी प्रणाली लागे, तिचे पैसे दरमहा क्रेडिट कार्डानेच भरावे लागत. दोन डॉक्टरांनी काम दुसरीकडे नेलं. जुनं कार्ड तडजोडीतच बंद झालं होतं, म्हणून मालकांनी नव्या कार्डासाठी अर्ज केला. नामंजूर. दुसऱ्या बँकेत केला. नामंजूर. तिसऱ्या बँकेत ते मला बगलेत मारून स्वतः गेले. टेबलामागच्या बाईंनी ते जुनं पत्र दोनदा वाचलं.

"तडजोड म्हणजे फिटलं असं नाही हो. घेतलं तेवढं परत आलं नाही, असा त्याचा अर्थ. सगळ्या बँका आधी तेच बघतात."

"मग हे जन्मभर कपाळावर?"

"जन्मभर कशाला? त्या बँकेने सोडलेली रक्कम भरा, पूर्ण फिटल्याचं पत्र घ्या. मग बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर मिळतं ते कार्ड घ्या, आणि वेळेवर भरत राहा. आणि हो, असे दारोदार अर्ज करू नका. त्याचीही नोंद होते."

मालकांनी सात महिन्यांत ती रक्कम भरली. पत्र आलं. पण ठेवीला पैसे कुठून आणायचे? त्यांनी विचारलं नव्हतं, तरी बायकोने स्वतःच्या साठवणीतली रक्कम त्यांच्यासमोर ठेवली.

"बुडाले तर बुडाले, म्हणून नाही देत," ती म्हणाली. "परत हवेत, म्हणून देतेय. आणि बिल आलं की त्याच दिवशी मोठ्याने वाचायचं."

छोट्या मर्यादेचं कार्ड मिळालं. मालक दर महिन्याला जेवणाच्या टेबलावर बिल वाचत, भरत, पावती माझ्यात लावत. अकराव्या महिन्यात एका डॉक्टरांनी पैसे थकवले. बिलाची तारीख चार दिवसांवर आली. मालकांनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझा जीव टांगणीला लागला. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"अगं, या महिन्यात कमी पडतंय."

ती भाजी चिरायची थांबली. "किती?"

त्यांनी आकडा सांगितला.

"मग डॉक्टरांकडे जाऊन मागा की. कवळी फुकट बसवली नाही तुम्ही. चला, मी पण येते."

दोघं गेली. डॉक्टर ओशाळले आणि त्यांनी पैसे दिले. बिल एक दिवस आधी भरलं.

दीड वर्षाने मालक त्याच बँकेत साध्या कार्डासाठी गेले. बाईंनी माझ्यातल्या पावत्या चाळल्या. "संगणकात सगळं दिसतंच मला," त्या हसल्या, "पण अशी फाइल ठेवणारे थोडे." आठवड्याने कार्ड मंजूर झालं आणि ठेव मोकळी झाली. मालक बँकेतून निघाले ते थेट ग्रंथालयात. पुस्तकांच्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. पैसे तिच्या खात्यात परत गेल्याचा.

"कार्ड कुठाय?" तिने विचारलं.

"खिशात आहे. आधी हे बघ."

तिने तो वाचला. आणि बऱ्याच वर्षांनी, पूर्वी पुसायची तसं, त्यांच्या हातावरचं वाळलेलं प्लास्टर आपल्या पदराने पुसलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी एखादी फाइल घरात ठेवा, तिच्यावर धूळ बसू देऊ नका. तिच्यात नको वाटणारा कागद आला, तर तो सगळ्यांत आधी वाचा, आणि आपल्या माणसाला शेजारी बसवून वाचा. एकोणीस पाकिटांचं ओझं मी पेललं. माणसाला ते पेलत नाही.