परण्याची गाडी

दिनकररावांनी हैदराबादेहून आणलेली ती लाल गाडी दोघांचीच होती. तिसरा आला तर त्याने चालत यावं. छपराचं कापड मागे गुंडाळलं जायचं, नाक चांगलं दोन हात पुढे आलेलं, आणि बसायचं इतकं खाली की समोरच्या माणसाचं धोतर तेवढं दिसावं. १९७४ साली झरीसारख्या गावात असल्या शर्यतीच्या गाडीचं काम काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जमीन त्यांची, पैसा त्यांचा, हौसही त्यांचीच.

चालवायची मात्र लिंबाजीने. बारा वर्षं त्याने मालकांची जीप चालवली होती. क्लच अर्धा दाबून तो जीप अशी नेई की बॉनेटवर ठेवलेल्या भरल्या तांब्यातलं पाणी डचमळू नये. म्हणून परण्याला लोक घोड्याऐवजी जीप मागू लागले होते. परण्या म्हणजे लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पारापर्यंत न्यायचं. आता मालकांच्या स्वतःच्याच मुलाचा, बन्सीधरचा परण्या होता, आणि या नव्या गाडीला क्लचच नव्हता.

"ही आपला आपण गेर बदलती," मालकांनी बजावलं होतं. "दांडी डी अक्षरावर टाकायची आन हात काढायचा. मधी हात लावला की आतलं मोडतंय. तुला निस्तं बसायचंय."

निस्तं बसून पगार घेणं लिंबाजीच्या रक्तात नव्हतं. दोन दिवस त्याने मालकांच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गाडी फिरवली आणि तिचा स्वभाव ओळखला. डीवर असली की ब्रेकवरचा पाय उचलायचा अवकाश, ती आपोआप सरकायची. जरा वेग आला की दुसऱ्या गेरात जायची. हळूहळू थांबवायला गेलं की ऐन थांबायच्या वेळी पहिल्यात उतरायची आणि उतरता उतरता वीतभर पुढे उसळायची. ब्रेक कचकन दाबला तर उसळी टळे, पण मग आतली माणसं काचेवर. दांडी एल अक्षरावर ओढली की हा सगळा चाळा बंद. पहिला गेर धरून ती गुमान चाले आणि गुमान थांबे.

एलवर ओढलेली मालकांनी बघितली आणि तिथल्या तिथे सुनावलं, "पुन्हा दांडीवर हात दिसला तर किल्ली ठिवायची आन खोली रिकामी करायची." जिनिंगमागच्या त्या खोलीत लिंबाजीची बायको पंचफुला आणि दोन मुली राहत होत्या. थोरली यंदा मॅट्रिकला बसणार होती. लिंबाजीने दांडी पुन्हा डीवर टाकली.

दुपारी चारला परण्या निघाला. समोर बँड, बँडपुढे नाचणारी पोरं, मागे सगळं गाव, आणि दोन्ही बाजूंनी माणसं गाडीच्या दारांना चिकटलेली. नाचणारे दहा पावलं धावत, की गाडीला धावावं लागे. एकदम थांबत, की थांबावं लागे. त्या धरसोडीत गाडी पहिल्या-दुसऱ्यात कुंथत होती. लिंबाजीच्या उजव्या पोटरीत गोळा येऊ लागला. डावा पाय मात्र नसलेला क्लच शोधत जागच्या जागी हलत होता.

त्यात दारादारांतून सवाष्णी येत होत्या. घोडा असला की त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, ही रीत. घोडा नाही तर चाकावर घालायचं, पण घालायचंच. जीपमध्ये उंच बसलेल्या लिंबाजीला वाकलेल्या बाईचा भांग दिसायचा. इथे बाई वाकली की त्या लांब नाकाआड नाहीशी व्हायची.

तिसऱ्या दाराशी त्याने ब्रेक कचकन दाबला. बन्सीधरचं बाशिंग काचेवर आदळलं आणि गाव हसलं. गाडीपुढे उलट्या पावलांनी चालणारे दिनकरराव लालेलाल झाले.

"हळू दाब की!"

पाचव्या दाराशी त्याने हळू दाबला. धुरपताबाई वाकली, दिसेनाशी झाली, आणि त्याच वेळी गाडी पहिल्यात उतरली. तांब्या खणकन वाजला. धुरपताबाई मातीत बसली होती. लागलं काही नव्हतं, तीच पदर तोंडाला लावून हसत होती. उतरून पळावं असं लिंबाजीला मात्र वाटलं, पण दार उघडायला वीतभर जागा नव्हती.

"मालक, एलवर घिऊ द्या. बाया दिसंना गेल्यात मला."

"हात लावू नको म्हणलं ना."

"लिंबाजी," बाशिंगामागून बन्सीधर पुटपुटला, "आबा न्हाई ऐकायचे."

पुढच्या दारात कमलबाई होती. दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर, दुसऱ्यात तांब्या. नाचणारे पळाले होते, गाडी दुसऱ्यात होती. कमलबाई बेतानं खाली वाकली आणि गेली नाकाआड. लिंबाजीने दांडी एलवर ओढली आणि ब्रेक हळू दाबला. इंजिन मोठ्यानं घुमलं, गाडी दबली आणि जागच्या जागी थांबली. कमलबाई पाणी घालून उठली. तिला काही कळलंही नाही.

इंजिनाचा आवाज दिनकररावांनी ओळखला. गर्दी सारत ते गाडीच्या दाराशी आले.

"उतर. किल्ली राहू दे तिथंच. सांजच्याला खोली मोकळी पायजे."

लिंबाजी उतरला. मालक स्वतः बसले, दांडी डीवर टाकली आणि मांडीवर हात ठेवून ऐटीत समोर पाहू लागले. गाडी सरकली. लिंबाजी भिंतीला लागून उभा राहिला. पाय मोकळा झाला होता, छातीही मोकळी झाल्यासारखी वाटली. घरी जायला बाजूची बोळ होती. पंचफुलाला काय सांगायचं, हे जुळवत तो वळलाही.

तेवढ्यात गीताबाई तांब्या घेऊन ओट्यावरून उतरताना दिसली.

मालकांचा पाय त्याला दिसत नव्हता, पण गाडीचं नाक ज्या तऱ्हेनं खाली झुकत होतं, त्यावरून ते ब्रेक हळू दाबतायत हे कळत होतं. गीताबाई वाकली. लिंबाजी बोळ सोडून धावला आणि गाडीकडे पाठ करून तिच्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहिला. गाडी उसळली. बंपर त्याच्या पोटऱ्यांवर आदळला, कळ मस्तकात गेली. चाकावर घालायचं पाणी त्याच्या पावलांवर पडलं.

त्याने मान वळवून पाहिलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून दिनकरराव बसले होते. ऐट उतरली होती. दांडीला हात लावायची त्यांचीही हिंमत नव्हती, आणि स्वतःच्या मुलाच्या परण्यातून त्यांना उतरताही येत नव्हतं.

बँड सुरू झाला. गाडी सरकली, तसा लिंबाजीही पुढे सरकला. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्याच्या बापाने गावकीची कामं सोडली, तेव्हा सरकारी साहेबांच्या गाडीपुढे धावणंही सोडलं होतं. बापाने मान ताठ करून सोडलेलं काम मुलगा आज बिनपगारी करत होता, आणि बाजूला व्हायची सोय नव्हती. लिंबाजीला रडू आलं. लाज वाटून त्याने ते गिळलं.

मागून मालकांचा आवाज आला. इतका हळू आवाज त्याने बारा वर्षांत ऐकला नव्हता.

"लिंबाजी, हालू नको रे तिथून."

तो हलला नाही. पारापर्यंत अजून सतरा दारं होती, आणि दर दारात एकजण भरला तांब्या घेऊन उभी होती.