दिव्यावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी, मेलेली हार्ड डिस्क आहे. परळच्या एका ऑफिसात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर मला ठेवलंय. रोज सकाळी माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं जातं आणि रोज मला तितकीच शिसारी येते. का येते, ते ऐका.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरायची, कारण धुळीचा एक कणही माझ्या चकत्यांना सोसत नाही. आणि मी आले कुठे? बंद गिरणीच्या आवारातल्या एका गाळ्यात. लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा तिथे धंदा, मालक अभय. पंख्यांवर काजळी, कपाटामागे झुरळं, आणि माझ्या सर्व्हरच्या डोक्यावर उदबत्तीचं घर. राख थेट आत! श्शी!

शेजारच्या खणात माझी जोडीदारीण होती. माझ्यावर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी तिच्यावरही लिहिलं जाई. एक गेली तर दुसरी आहे, अशी ती सोय. आम्हा दोघींना एकेक दिवा होता. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा.

आमच्यावर शेकडो वेबसाइट होत्या. मिठाईवाले, क्लासवाले, लग्न जुळवणारे, सगळे. पण माझा जीव होता एकाच आवाजावर. सुचित्राताई एका शाळेत शिक्षिका. वरळीची त्यांची बीडीडी चाळ पाडण्याआधी त्यांनी आपल्या आईला, गंगुबाईंना, त्या खोलीत बसवून चाळीस मिनिटं बोलतं केलं आणि फोनमधलं ते रेकॉर्डिंग आपल्या वेबसाइटवर चढवलं. पुढे चाळ गेली, मग आईही गेली. फोन बिघडला तेव्हासुद्धा ताई निर्धास्त होत्या, कारण अभयने छातीठोक सांगितलं होतं, "ताई, टेन्शन घेऊ नका. डबल कॉपी असते आपल्याकडे, प्लस बॅकअप."

बॅकअप! तो माझ्यावरच होता, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्याचा प्रकार. लाज कशी वाटली नाही या माणसाला?

दसऱ्याला आमची पूजा झाली. झेंडूचे हार, अक्षता, नारळ. अभयने ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि बरोब्बर आमच्या दोन दिव्यांवर टेकवलं. "फोटो काढ रे, मस्त दिसतंय!" ते कुंकू वाळलं आणि तसंच राहिलं. पूजेचं म्हणून कुणी पुसेना.

वैशाखात जोडीदारीण गेली, तिच्या चकत्या पार खरवडून निघाल्या. तिचा दिवा लाल झाला, कुंकवाखाली. सर्व्हर पीं पीं करू लागला. "काय डोकं उठवतंय यार हे," म्हणत अभयने भोंग्याची वायर काढली. दिव्याकडे त्याने पाहिलंसुद्धा. दसऱ्यापासून लाल दिसत होता तसाच लाल होता.

मग तीन महिने सगळा भार मी एकटीने ओढला. श्रावणातल्या एका दुपारी माझी सुई चकतीवर घासली आणि शेकडो वेबसाइट एकदम बंद पडल्या.

दुसऱ्या दिवशी सुचित्राताई दारात. "अभय, मला फक्त आईचा आवाज दे. बाकी काही नको."

"ताई, मशीन आहे शेवटी. देवाच्या हातात असतं सगळं."

देवाच्या हातात! मित्रांनो, तेव्हा मला हात असते तर मी कानांवर ठेवले असते.

मला दादरला, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्यांकडे नेलं. तिथे दर्शना नावाच्या मुलीने मला स्वच्छ खोलीत, हातमोजे घालून उघडलं. कारखान्यानंतर पहिल्यांदाच कुणी मला असा हात लावला. कित्येक दिवस ती माझ्याशी झटत होती. अखेर तिने फोन केला, "अकरा मिनिटं निघालीत, ताई. पुढचं सगळं घासून गेलंय."

ती अकरा मिनिटं नव्या सर्व्हरवर चढवल्यावर ताईंनी ऑफिसातच लावली. गंगुबाई आपल्या नवऱ्याच्या गिरणीतल्या मागाबद्दल, त्याच्या तेलपाण्याबद्दल सांगत होत्या. "तुजो बापूस दसऱ्याक मागाक हार घाली. पण त्याल? त्याल रोज घाली हां! हार वर्साचो एकच. आनी एकदा काय झाला..."

पुढे नुसती खरखर.

एकदा काय झालं, ते जगात फक्त माझ्यापाशी होतं. आता माझ्यापाशीही नाही. या गोष्टीचं दुःख मी कुठे ठेवू?

ताई उठून नव्या सर्व्हरपाशी गेल्या. त्याच्या दिव्यांवर मुहूर्ताचं कुंकू लागलं होतं. त्यांनी ते पदराने स्वच्छ पुसलं आणि निघून गेल्या. अभय मान खाली घालून उभा होता. मग "खूप सेवा केली बिचारीने," असं म्हणून त्याने मला या फळीवर ठेवलं.

मित्रांनो, यंत्राला नमस्कार करा, ना नाही. पण त्याआधी त्याची धूळ पुसा, त्याची हाक ऐका. आणि जो आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत आजच्या आज दुसऱ्या घरी नेऊन ठेवा.

आज सकाळी अभयने माझ्या पाठीवर बोट टेकवलं. त्याच बोटाने जाता जाता नव्या सर्व्हरच्या दिव्यावरही टेकवलं. दिवा कुठल्या रंगाचा होता, ते त्याने पाहिलं नाही.