वाफ्यातली मुंडकी

करंजाड्यातलं विकायचं राहिलेलं तळमजल्याचं घर दाखवताना बिल्डरच्या माणसाने मागचं दार उघडलं आणि "मॅडम, प्रायव्हेट गार्डन" असं म्हणाला. आठ फूट बाय वीस फूट. वर हिरवी जाळी अंथरलेली होती. ताबा मिळाल्यावर जाळी काढली, तर खाली फुटक्या टाइल्स, सिमेंटचे गोळे, वायरींची भेंडोळी आणि कुणाची तरी एक चप्पल. माती म्हणून जी काही होती ती पांढरी, भुसभुशीत, जीव नसलेली. त्या माणसाला फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

मी जागृती. माहेर करावे गाव, बाप खाडीत मासे मारायचा. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं, जगात चिडण्यासारखं इतकं आहे की न चिडणाऱ्यांचंच मला नवल वाटतं. नवरा तेजस शांत आहे. त्याचाही मला राग येतो.

सानपाड्याला भाड्याच्या खोलीत आम्ही सहा वर्षं काढली. कुत्री पाळली म्हणून घरमालकाने तीनदा दम दिला होता. त्यामुळे हे पहिलं स्वतःचं घर घेतलं ते निम्मं चिंबोरीसाठीच. चिंबोरी म्हणजे आमची कुत्री. पिल्लू असताना रिक्षाखाली आली, मागचा पाय वाकडा राहिला, तेव्हापासून तिरकी चालते. आमच्या गावात खेकड्याला चिंबोरी म्हणतात, म्हणून हे नाव.

पाच महिने प्रत्येक रविवारी मी ते मागचं अंगण उपसलं. चौतीस गोणी राडारोडा निघाला. मग वाफे केले, मिरची लावली, वांगी लावली, कुंपणाला कारल्याचा वेल सोडला. काही म्हणजे काही उगवेना. रोपं महिनाभर होती तेवढीच राहिली आणि मग पिवळी पडली. यूट्यूबवरच्या त्या गोड आवाजाच्या बाईने सांगितलेलं सगळं केलं. पाकिटातली खतं घातली, कसलं कसलं पाणी फवारलं. मिरचीने मान टाकली ती टाकलीच.

मंगळवारी आणि शुक्रवारी माझा बाप, आबा, करावेहून यायचा. आम्ही दोघं कामावर असायचो, त्याच्याकडे चावी होती. चिंबोरीला फिरवायचा, दुपारी तिला भात घालायचा. त्याने मातीचा एक गोळा हातात चुरून बघितला आणि म्हणाला, "बाय, ही माती उपाशी हाय. हिला मासली घाल. मुंडकी, कल्ले, आतडी. आमी माडाला तेच घालायचो."

"आबा, ही सोसायटी आहे. करावे नाही. वास सुटला तर लोक जीव घेतील माझा."

"खोल पुरली तर नाय सुटत वास."

"नाही म्हणजे नाही! मला इथे आगरी-कोळ्यांची घाण म्हणून ऐकून घ्यायचं नाहीये!"

हे मी माझ्या बापाला बोलले. तो चिंबोरीला घेऊन फिरायला गेला.

दीड महिन्यात बाग उठली. मिरचीला पानं फुटली, वांग्याला जांभळी फुलं आली, कारलं तर कुंपण सोडून पाइपवर चढायला लागलं. मी फोटो काढून ऑफिसात दाखवत फिरले. यूट्यूबवाल्या बाईला धन्यवादाची कमेंट टाकली.

आमच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, शमसुन्निसा चाची आणि अय्युब चाचा राहायचे. मूळचे रायगडातलेच. तीन वर्षं भाड्याने होते आणि आता तेच घर विकत घ्यायचं ठरलं होतं. मालक तयार होता, कागद तयार होते. फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र बाकी होतं. साठीला आलेल्या चाचीचं हे पहिलं स्वतःचं घर होणार होतं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिने चहा पाठवला होता. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या वाफ्यांच्या बरोबर वर होती.

एका रविवारी सकाळी मागचं दार उघडलं, तर मिरचीचा वाफा उकरून ठेवलेला. रोपं उपटून लांब पडलेली. चिंबोरी भिंतीला लागून लाळ गाळत, घशातून घर्र घर्र करत पडलेली. आणि मातीत विखुरलेली बांगड्याची सात-आठ मुंडकी. सडलेली.

पनवेलच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. घशात काटा अडकला होता. सलाइन लावत तो म्हणाला, "सडकं खाल्लंय. विषच असेल असं नाही म्हणता येणार, नाहीच असंही नाही सांगता येत." मला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

घरी आले ती चप्पलही न काढता वर गेले. चाचीने दार उघडलं.

"चाची, परवा तुमच्याकडे बांगडे होते ना?"

"होते. काय झालं बेटा? तू अशी—"

"मुंडकी माझ्या बागेत कशी आली?"

तिने एकदम मागे बघितलं, मग माझ्याकडे. "जागृती, आत ये. बस. मी सांगते तुला—"

"काय सांगता? खिडकीतून टाकलीत ना? कुत्री भुंकते म्हणून? मरायला टेकली आहे ती तिकडे!"

"अगं, ऐक तर—"

"काही ऐकायचं नाही मला!"

जिन्यात चार दारं उघडली होती. मला बरंच वाटलं.

खाली येऊन सोसायटीच्या ग्रुपवर सलाइन लावलेल्या चिंबोरीचा फोटो टाकला. लिहिलं, 'पहिल्या मजल्यावरून सडकी मासळी टाकून माझ्या कुत्रीला मारायचा प्रयत्न. सेक्रेटरींनी ॲक्शन घ्यावी.' पाच महिने मी याच ग्रुपवर ड्रेनेजबद्दल ओरडत होते, एकाने उत्तर दिलं नव्हतं. आता तासाभरात त्रेचाळीस मेसेज आले. आधी कुत्रीची चौकशी. मग, 'आम्ही आधीच बोललो होतो.' मग, 'हे लोक असेच.' मग, 'आज कुत्री, उद्या आपली मुलं.' मग, 'अशांना एनओसी कशाला देताय?'

मी ते सगळे वाचले. कुत्रीचं बोलता बोलता गाडी भलतीकडे वळली हे मला कळत होतं. पण मी चिडलेली होते आणि पहिल्यांदाच अख्खी बिल्डिंग माझ्या बाजूने होती. ते मला आवडलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी सेक्रेटरी हितेश घरी आला. याआधी कधी आला नव्हता. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. तुमची रिटन कंप्लेंट द्या फक्त. बाकी मी बघतो." कंप्लेंट त्याने टाइप करूनच आणली होती. तेजस म्हणाला, "उद्या दे. आज तू चिडलेली आहेस." मी त्याच्यासमोरच सही केली.

आबा तेव्हा आत्याकडे अलिबागला गेला होता. तो पुढच्या शनिवारी आला. चिंबोरी बरी होऊन घरी आली होती, त्याच्या पायांत घोटाळत होती. तो थेट बागेत गेला. मी रागारागात तो सगळा वाफा खणून माती गोणीत भरून टाकली होती. आबा त्या खड्ड्यापाशी उभा राहिला.

"वाफा कोनी उकरला?"

मी सगळं सांगितलं. मुंडकी, काटा, चाची, ग्रुप, कंप्लेंट. सांगता सांगता पुन्हा तापले. आबा खाली बसला.

"मुंडकी मी पुरली होती, बाय."

मला आधी कळलंच नाही.

"दर खेपेला पुरायचो. हातभर खोल. त्या दिवशी अलिबागला जायची घाई, नीट नाय खनला. चिंबोरीला वास लागला असंल."

"आणली कुठून?"

"वरच्या चाचीनी दिली. ती बाजारातून मासली आनते, साफ करून मुंडकी माझ्यासाठी ठेवते. मीच मागितली होती. तिला बोललो, पोरीला सांगू नको."

"का नाही सांगितलंत मला? का?" मी किंचाळले. चिंबोरी पळत घरात जाऊन पलंगाखाली शिरली. "केवढं झालं इथे! एक शब्द बोलला असतात तर?"

आबाने माझ्याकडे बघितलं. "हे असं वराडतेस. म्हनून नाय सांगितला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची मीटिंग होती. विषय होता चाचीची एनओसी. ती दोघं आली नव्हती. हितेशने फाइल उघडून माझी कंप्लेंट वाचायला घेतली. मी उभी राहिले.

"थांबा. ते खोटं आहे. मुंडकी माझ्या वडिलांनी पुरली होती, खत म्हणून. चाचीचा काही संबंध नाही. मी कंप्लेंट मागे घेते."

मागून एकजण म्हणाला, "ठीक आहे हो, गैरसमज झाला. पण रिझल्ट तर चांगला लागतोय ना?" दोघं-तिघं हसले.

"मॅडम, आता मागे नाही घेता येत," हितेश म्हणाला. "रेकॉर्डवर आहे."

पुढे जाऊन मी फाइलमधून तो कागद ओढला आणि फाडला. चार तुकडे केले.

"झेरॉक्स आहे," हितेश म्हणाला.

"मग माझंही नाव घाला रेकॉर्डवर! घाण माझ्या घरातली होती. कुत्री माझी. बाप माझा. काढा मला नोटीस! माझ्या बापाने पुरली तर गैरसमज आणि तिने टाकली असती तर घराबाहेर? लाज कशी वाटत नाही तुम्हाला? आणि तू रे हितेश, घरी कागद टाइप करून आणलास, कुत्रीसाठी आणलास काय? एनओसी द्या त्यांना. आत्ता, माझ्यासमोर!"

आयुष्यात इतकं मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. हितेश मी थांबेपर्यंत थांबला. मग फाइल मिटत म्हणाला, "कुणाला देऊ? त्यांनी अर्ज काल मागे घेतला. तळोज्याला बघितलंय म्हणे दुसरं."

मी जिना चढून वर गेले. दार उघडंच होतं. अय्युब चाचा खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. चाची जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला बघून तिने आधी विचारलं, "कुत्री कशी आहे?"

"बरी आहे. चाची, आबा आला. सगळं कळलं मला. तुम्ही सांगितलं का नाही?"

"दारात सांगायला गेले. ऐकलंस तू?"

"नंतर. ग्रुपवर सांगायचं."

"आणि त्या म्हाताऱ्याचं नाव त्या लोकांच्या तोंडी देऊ? आधीच घाबरून असतो, पोरगी ओरडेल म्हणून."

मी तिच्यासमोर बसले. माफ करा म्हणाले. खाली काय काय बोलले, कागद कसा फाडला, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. मी भांडते त्यांच्याशी. देतील एनओसी, कशी देत नाहीत बघते."

चाचीने हातातली बशी गुंडाळून खोक्यात ठेवली.

"तू दारात येऊन ओरडलीस त्याचं मला काही नाही, बेटा. मुक्या जनावरासाठी रडत होतीस. म्हटलं, चार दिवसांनी कळेल, खाली मान घालून येशील, आपण चहा पिऊ. पण मग ते बाकीचे लिहायला लागले. कुत्रीचं सोडून आमचंच. मी फोन हातात घेऊन बसले होते. यांना म्हटलं, थांबा, आता जागृती उठेल. तिच्याएवढं तोंड या बिल्डिंगमध्ये कुणाला नाही. एकेकाला धुऊन काढेल." तिने दुसरी बशी घेतली. "रात्रीपर्यंत वाट बघितली तुझी."

मी तिच्या शेजारचं वर्तमानपत्र ओढून कपबशा गुंडाळायला लागले. तिने माझ्या हातातून कप काढून घेतला.