डाव्या अंगठ्याची जागा

मी तोंडाचा फटकळ. जुना व्हिडिओ गेम विकायला येणारा जो तो म्हणतो, "फारसा वापरलाच नाही हो!" आणि उघडून बघावं तर आत अख्ख्या घराची धूळ. वैतागून शेवटी दुकानाच्या दारावर पाटी लावली: 'साफ करून, मेमरी पुसून आणा. भाव जास्त मिळेल.'

त्या दिवशी एक काकू टॉवेलात गुंडाळून गेमचा कन्सोल घेऊन आल्या. इतका लख्ख, की मीच चाट पडलो. वायरीसुद्धा पुसलेल्या.

"मुलाचा आहे," त्या म्हणाल्या. "तो गेला. वर्ष होईल आता. डोळ्यांसमोर नको वाटतं हे. तुमच्या पाटीवर होतं तसं सगळं पुसलंय. शेजारच्या मुलीला विचारून केलं."

मला मेल्याला धड सांत्वनही करता येत नाही. मान खाली घालून तपासत बसलो. पंखा ठीक, आवाज ठीक. हातात धरायच्या कंट्रोलरची डावी स्टिक, अंगठ्यानं फिरवायची ती, मात्र पार झिजलेली, वरचं रबर गुळगुळीत.

"एवढं रबर बदलतो. नाहीतर भाव पडेल," म्हणत मी चिमटा उचलला.

तेवढ्यात दार ढकलून त्यांचे यजमान आत आले. घामाघूम, पायांत दोन वेगळ्या चपला.

"अगं, विचारायचंस तरी!" मग माझ्याकडे वळून, "आधी सुरू करा हो. त्याचं गाव आहे त्यात."

पोरानं गेममध्ये एक गाव वसवलं होतं, ते सांगू लागले. काकांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी बायको कामावरून यायच्या आत ते रोज त्या गावात जायचे, त्याच्या झाडांना पाणी घालायचे, त्याच्या कुत्र्याला खायला द्यायचे.

मी कन्सोल लावला. पडद्यावर आलं, 'नवीन खेळाडूचं नाव टाका.'

"दुसरीकडे कुठे राहत असेल ना ते?" काका म्हणाले. "तुमच्याकडे काहीतरी यंत्र असेलच."

होते नव्हते ते सगळे उपाय केले. एरवी तोंडावर नाही म्हणण्यात माझा हात कोण धरणार! पण तेव्हा उगाच वायर पुन्हा एकदा काढून लावली.

"काका, गेलं ते."

"मला का नाही सांगितलंत?" काकू नवऱ्याला म्हणाल्या. "मीही बसले असते की शेजारी."

"तू त्या खोलीचं दारसुद्धा उघडत नव्हतीस गं. कसं सांगणार?"

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "पुसून आणा, असं लिहिलं होतं," त्या पुटपुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी कंट्रोलर उचलला आणि झिजलेल्या रबरावर अंगठा ठेवला. "हे त्याचंच. खेळताना दातओठ खाऊन दाबायचा."

मी चिमटा खणात टाकला. काकूंनी हात पुढे केला, त्या गुळगुळीत जागेवर आपला अंगठा टेकवला आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

"हेही डाग समजून घासलं होतं मी. खूप घासलं. निघालंच नाही."