आमचा स्टोव्ह ओरडायचा

मला एक सांगा, विश्वास ठेवावा तर कुणावर? डोळ्यांवर की कानांवर? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या मालकांनी घाई केली. उभा जन्म दुकानात लखलखीत माल विकलेला माणूस. ‘गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं, मग हातानं’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कानाचा हिशेब त्यांनी धरलाच नाही.

मी एक स्टोव्ह बोलतोय. रॉकेलवर चालणारा, पितळी टाकीचा. पण स्वयंपाकघरात एका ओट्यावर जन्म काढणाऱ्यांतला नव्हे. माझे तिन्ही पाय सुटे होतात, मी पत्र्याच्या डब्यात मावतो आणि पाठीवरच्या पिशवीतून तंबूच्या मुक्कामाला जातो. जायचो म्हणा. इतकी वर्षं दुकानातल्या गप्पा ऐकून माझी जीभही दुकानदारासारखी सैल सुटली आहे, तेवढं चालवून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर बिनआवाजी बर्नर होता. निळी, सभ्य, अळीमिळी गुपचिळी ज्योत. भारीतला नग! मालक तेव्हा भांड्यांच्या धंद्यात नवखे. मला विकायला म्हणून आणलं आणि स्वतःच ठेवून घेतलं, कारण सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींबरोबर डोंगरापलीकडच्या तळ्यावर जायचं होतं आणि त्या मंडळींत एक विशिष्ट मुलगी होती. विकणाऱ्यानं मालाच्या प्रेमात पडू नये, असं ते सगळ्यांना सांगतात. स्वतः मात्र एका फेरीत दोनदा पडले.

त्या मुलीनं पहिल्याच मुक्कामाला काजळी धुवायला म्हणून माझा बर्नर काढला आणि तळ्यात घालवला. वर म्हणाली, “पितळ तरंगत नाही हे मला माहीत होतं हो. पण निदान थोडा वेळ तरी थांबेल असं वाटलं होतं.”

मालक रागावले नाहीत. रागावण्याच्या अवस्थेत नव्हतेच. पुढच्या फेरीला त्यांनी दुकानाच्या अडगळीतून कुठल्याशा दुसऱ्याच बनावटीचा बर्नर शोधला आणि माझ्यावर पिळून बसवला. हा गडी आवाजी. पेटला की भर्रर्र! शेजारी बसलेल्याला शेजारच्याचं ऐकू येणार नाही. बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागायचं. मालकांना हे गैरसोयीचं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतंय का?

त्याच मुक्कामाला चहाचं पाणी ठेवलेलं असताना मालक तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “माझ्याशी लग्न करशील?”

“काय? ऐकू येत नाही!”

ते पुन्हा म्हणाले. तिनं पुन्हा कानाला हात लावला. मग त्यांनी छाती भरून ओरडायला सुरुवात केली, आणि नेमकं तेव्हाच तिनं माझी चावी फिरवून हवा सोडली. मी गप्प. मालकांचं “लग्न करशील का!” सगळ्या तळ्यावर घुमलं. पलीकडच्या तंबूतली माणसं बाहेर आली.

“हो म्हटलं ना,” ती म्हणाली, “ओरडता कशाला?”

तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मी साक्षीदार आहे. तिचा हात आधीपासून माझ्या चावीवर होता.

पुढे बरीच वर्षं दुकान बंद असेल त्या दिवशी आम्ही तिघं कुठे ना कुठे असायचो. मग गुडघे कुरकुरायला लागले, आणि मी मागच्या खोलीतल्या फळीवर गेलो. पोटात उरलेलं रॉकेल आटून डिंकासारखं झालं. अंगावर हिरवट कळंक चढला. पंपातलं चामड्याचं वायसर वाळून सुपारीसारखं टणक झालं. माझी तक्रार नव्हती. शेजारच्या खोलीतून मालकीणबाईंचं बोलणं ऐकू यायचं, तेवढं पुरे होतं.

मग त्या बोलण्यात भोकं पडायला लागली. आधी शब्द गेले, मग माणसं. एके दिवशी त्यांनी नवऱ्याला विचारलं, “अहो दुकानदार, कढई दाखवता का? फार महाग नको.” मालकांनी कढई दाखवली. काय करणार? घासाघीसही केली. त्या म्हणाल्या, “आमचे हे आले की त्यांना विचारून घेऊन जाईन.”

एकदा फळी झाडताना माझा डबा खाली आला. मालकीणबाईंनी त्याच्या पोच्यावर बोट फिरवलं. “हा आमचा,” एवढंच म्हणाल्या. मालक तिथेच स्टुलावर बसले. कित्येक महिन्यांत बाईंनी ‘आमचा’ म्हटलेली ती पहिली वस्तू होती. मालकांनी मनाशी गाठ मारली: हा स्टोव्ह होता तसा करायचा, तिच्यासमोर पेटवायचा. डब्यावरून डबा ओळखला, तर स्टोव्हवरून नवराही ओळखेल.

अशा कामाला एकटं माणूस पुरत नाही. जुने स्टोव्ह जमवणाऱ्यांची एक जमात असते. दिसायला साधीसुधी माणसं. पण यांच्या पलंगाखाली स्टोव्ह, कपाटात स्टोव्ह आणि घरात रोज भांडण. त्यातले दोघं आमच्याकडे यायला लागले. एक दातांचे डॉक्टर, दुसऱ्या निवृत्त नर्सताई. डॉक्टरांनी दात कोरायच्या हत्यारानं माझं निपल, म्हणजे रॉकेल फवारणारं बारीक भोक, साफ केलं. “तोंड उघडं ठेवा,” असं मला सवयीनं म्हणालेसुद्धा. ताईंनी जुन्या बुटाचं चामडं तेलात मुरवून वायसर कापलं. मालकांनी मला घासघास घासलं. माझ्या टाकीत त्यांचा चेहरा दिसायला लागला, आणि त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

या मंडळींचा एक रिवाज आहे. एकमेकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. आणि स्टोव्हवरून उतरवलेला सुटा भाग फडताळात कोंडायचा नाही, ज्याला लागेल त्याच्याकडे पुढे पाठवायचा. रिवाज चांगलाच आहे. चांगल्या गोष्टींनीच घात केला तर तक्रार कुणाकडे करायची?

डॉक्टर म्हणाले, “हा बर्नर याचा नाही.”

“नाहीच,” मालक हसून म्हणाले. “मूळचा आमच्या हिनं तळ्याला अर्पण केलाय.”

“छे! मग काम अर्धंच राहिलं.”

तेव्हा नर्सताईंनी पिशवीतून एक पुडी काढली. आत माझा बर्नर. म्हणजे माझ्या जातीचा, अस्सल, बिनआवाजी. स्वतःच्या लाडक्या स्टोव्हवरून उतरवून आणलेला. “वहिनींसाठी,” त्या म्हणाल्या. “माझा राहील थोडे दिवस बोडका.”

असं दिलेलं कोण नाकारेल? मालकांचे डोळे भरले. मला ओरडायचं होतं, अहो, थांबा! पण पोटात हवा नसली की आमची जात मुकी. आवाजी बर्नर उतरला. त्याच संध्याकाळी रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी तो एका ट्रकवाल्याला देऊन टाकला. त्याचा स्टोव्ह कधीचा अडला होता.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना खुर्चीत बसवलं. मालकांनी स्पिरिट पेटवलं, मला गरम होऊ दिलं, पंप मारला. मी पेटलो. निळाशार, निर्दोष, निःशब्द. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

मालकीणबाईंनी वाकून पाहिलं. “पेटला का?”

“पेटला की! बघ ना, ज्योत कशी आहे.”

“नाही हो दुकानदार. तुम्हाला कुणीतरी फसवलंय. आमचा स्टोव्ह ओरडायचा. बोलूच द्यायचा नाही. यांना माझ्या कानाशी यावं लागायचं.”

“कुणाला?” मालकांनी विचारलं. फार हळू.

“आमच्या ह्यांना.” त्यांच्या चेहऱ्यावर लाज आली, अगदी तळ्यावरची. “तुम्ही हा परत करा. म्हणावं, आम्ही काय आंधळे आहोत?”

“अगं, मीच तो...” म्हणत मालक कानाशी वाकले. बाईंनी खुर्ची मागे ओढली. परका माणूस इतका जवळ आल्यावर कुठलीही बाई ओढेल.

नर्सताई तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या. सगळं मालकीणबाईंच्या आत होतं. तळं, मालक, सगळं. फक्त दाराची कडी आम्ही काढून ट्रकवाल्याला दिली होती.

मग शोधाशोध. ट्रकवाला लांबच्या फेरीवर निघालेला. फोनवर बिचारा कळवळून म्हणाला, “काका, माल उतरवला की उलटा फिरतो. चूल विझवून बर्नर हातात घेऊनच येतो.” मालक वाट बघत राहिले. मधल्या काळात एकदा त्यांनी काय करावं? बायकोच्या कानापासून अदबीनं हातभर अंतर ठेवून, ओठ थरथरवून स्वतःच आवाज काढला: भर्रर्र!

मालकीणबाई खळखळून हसल्या. “वेडे आहात का हो दुकानदार?”

ते त्यांचं शेवटचं हसणं. नंतर ताप आला, बोलणं थांबलं, मग त्याही थांबल्या. ट्रकवाला आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्यानं बर्नर रुमालात धरला होता. मालकांनी तो घेतला आणि उलट त्यालाच म्हणाले, “जेवलास का रे?”

बर्नर पुन्हा माझ्यावर चढला. मालकांनी एकदाच पेटवलं, मागच्या खोलीत, त्याच खुर्चीसमोर. मी जीव खाऊन ओरडलो. मालक रिकाम्या खुर्चीकडे, जिथे कान असता तिथे, वाकले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले, मला ठाऊक नाही. माझ्याच आवाजात मला ऐकू आलं नाही. मग ते माझ्या चावीकडे बघत थांबले. बराच वेळ. शेवटी हवा त्यांनाच सोडावी लागली.

आता मी दुकानात काउंटरवर असतो. विकाऊ नाही. नर्सताईंचा बर्नर त्यांना परत गेला. जाणकार गिऱ्हाईक येतं, वाकून बघतं आणि म्हणतं, “शेठ, नग झकास आहे, पण बर्नर चुकीचा लागलाय.” मालक फक्त मान हलवतात.

उद्या मी तुमच्या हाती येईन. मालकांचंही आता वय झालंय. तेव्हा एवढं करा, माझा हिशेब इमानानं मांडा. टाकी कारखान्याची. वायसर ताईंचं. चमक मालकांची, तीही नाइलाजानं लिहा. आणि डोक्यावरच्या या चुकीच्या बर्नरला चूक म्हणून खोडू नका. त्याच्यापुढे लिहा: हा आवाज तिचा होता, आणि हा एकच भाग अस्सल आहे.