ओढ, सोड

शहादेव कातारी, म्हणजे आमचे मालक, लाकूड कातायच्या खरादीवर बसले की दोनच शब्द बोलतात. ओढ. सोड. खरादीला वेढलेल्या दोरीची दोन्ही टोकं माझ्या हातात असतात. 'ओढ' म्हटलं की लाकूड त्यांच्याकडं फिरतं आणि पटाशी कापते. 'सोड' म्हटलं की ते टोक सैल सोडून मी दुसरं ओढते, लाकूड उलटं फिरतं, तेव्हा त्यांनी पटाशी उचलायची. संसारात याहून जास्त बोलले असते तर मीच दचकले असते.

त्या दुपारी वाडगा चालला होता आमच्या लेकीसाठी, योगितासाठी. लग्न दोन दिवसांवर आलं होतं, मग ती नेकनूरला जाणार. घरावर स्लॅब टाकताना सागाची जुनी तुळई उतरवली, तिचाच हा तुकडा. भुसा उन्हात तरंगत होता, दोरी गुणगुणत होती आणि माझा डोळा लागत होता. हात मात्र चालूच. अर्धवट झोपेत वाटलं, ही झोळीचीच दोरी आहे, आत योगिता मूठ चोखत पडलीय आणि मी झोका देतेय. इतकं गोड वाटलं की जागं होऊच नये.

मालकांच्या पुटपुटण्यानं जाग आली. वाडगा आतून-बाहेरून झाला होता, बूड तेवढं राहिलं होतं. बुडावर आडवी खाच होती. लेकीला खोटीचं भांडं देणार नाही म्हणाले, पटाशी टेकवली आणि म्हणाले, ओढ.

माझे हात हलेनात.

"कावून थांबलीस?"

मला रडू आलं. "खोट न्हाई ती. झोळीच्या दोरीचा वळ हाय. तुमी ऊसतोडीला गेलतात, तवा योगिताला त्याच तुळईला झोपवायची मी."

त्या हंगामाला ते गेले तेव्हा पोरगी पालथीही पडत नव्हती. परत आले तेव्हा ती रांगत होती, आणि त्यांना पाहून परका माणूस आला म्हणून रडली होती.

त्यांनी पटाशी खाली ठेवली. खाचेवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. बुडाला तसंच तेल लावलं.

वाडगा झाला, तरी माझ्या मुठी दोरीवर घट्टच होत्या. मालक जवळ येऊन बसले आणि माझी बोटं एकेक उकलत म्हणाले, "सोड आता, माला."

मी दोरी सोडली. दोरीच तेवढी.